सव्वा मूठ गहू

आईवडिलांनी पन्नाशी ओलांडल्यावर दोन मुलं दत्तक घेतली, तेव्हा मी जर्मनीत नोकरीला होतो. सगळं ठरल्यावर मला कळवलं, आणि खरं सांगायचं तर पहिला महिनाभर मी धुमसतच होतो. सत्तावीस वर्षांचा एकुलता एक घोडा मी, आणि मला अचानक दहा वर्षांची बहीण आणि आठ वर्षांचा भाऊ. ती दोघं एकमेकांची सख्खी भावंडं, ताटातूट होऊ नये म्हणून एकत्रच आणलेली. दीपनगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये ती माझ्या खोलीत, माझ्या पलंगावर झोपत होती. मी त्यावरही चिडलो होतो, कबूल करतो.

तो राग विरघळला जेवणाच्या सुट्टीत. शाळेतून ती दोघं साडेचारला घरी यायची, तेव्हा माझ्या कारखान्यात दुपारचा एक वाजलेला असायचा. आई व्हिडिओ कॉल लावून द्यायची. मुलगा इतका जवळ यायचा की मला नुसतं नाक दिसायचं, आणि मुलगी त्याच्या मागून विचारायची, "आज काय खाताय?" मी ताट दाखवायचो. उकडलेले बटाटे बघून तिला माझी दया यायची. "आई, यांना शेवभाजीचा मसाला पाठवा ना," ती सांगायची. त्या 'यांना'चं 'दादाला' कधी झालं, कळलंच नाही. भावाला मी जर्मन आकडे शिकवले, तर तो जिन्याच्या पायऱ्यांपासून ताटातल्या पोळ्यांपर्यंत सगळं जर्मनमध्ये मोजत सुटला. गणिताचा पेपर अवघड गेला की बहीण आधी मला सांगायची, मग आईला. ज्या दिवशी फोन लागायचा नाही त्या दिवशी मला घास जात नसे.

नातेवाइकांची तोंडं मात्र वाकडीच होती. पोरगा परदेशात पळाला म्हणून म्हातारपणी ही हौस, जमिनीत वाटेकरी कशाला वाढवले, असलं सगळं माझ्यापर्यंत पोचवलं जायचं. पोचवणारे वर माझीच बाजू घेतल्याचा आव आणायचे. त्यांचा मला जास्त संताप यायचा. माझी बाजू घ्यायला यांना कोणी बोलावलं होतं?

मग श्रावण आला. पारोळ्याजवळच्या आमच्या गावी थोरल्या काकांकडे आमची खानदेशी कुलदेवी कानबाई बसते. या काकांना सगळे आबा म्हणतात. कानबाईच्या नैवेद्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, फक्त भाऊबंदांनी खायचे असतात, आणि त्यांचा गहूही मोजून घेतात. भावकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. पाळण्यातल्या पोराचीही मूठ पडते.

सणाला दोन दिवस होते. घरचे सगळे गावी गेले होते, आणि मला बघता यावं म्हणून आईनं फोन डब्याला टेकवून ठेवला होता. आबा एकेक नाव घेऊन सुपात गहू टाकत होते. माझं नाव घेतलं, माझी मूठ टाकली. भाऊ सुपाला चिकटून बसला होता आणि पुटपुटत जर्मनमध्ये मोजत होता. अकराव्या मुठीनंतर आबांनी हात झटकले. बारावा आकडा ओठांवर धरून पोरगं तसंच बसून राहिलं.

"आबा, त्याची मूठ राहिली," मी म्हणालो.

"तुनी लिधी ना, बेटा. मंग व्हयनं."

"माझी नाही, त्याची."

आबांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "तो आपला रगतना नही शे. कानबाईले ते चालत नही."

पोरगं समोर बसून ऐकत होतं. माझं डोकं फिरलं. कोर्टानं त्याला आमच्या घरचा मुलगा ठरवलंय, कागद आहे, असं मी ओरडून सांगितलं. आबा शांतपणे म्हणाले, "कागद कोर्टमा दाखाड, कानबाईसमोर नही." आणि माझे वडील भिंतीला टेकून चटईचे धागे उसवत होते. थोरल्या भावापुढे त्यांची वाचाच जाते. मुलं आणताना कोणाला भ्यायले नाहीत, आणि सव्वा मूठ गव्हासाठी तोंड उघडेना. आबांपेक्षा मला त्यांचाच राग आला.

"मग माझीही मूठ काढा," मी म्हणालो. "दोन वर्षांत मी त्या घरात पाऊल टाकलेलं नाही, तरी माझी मूठ पडते. तो समोर बसलाय तरी त्याची नाही. काढा माझी."

जित्या माणसाची मूठ काढायची, हे ऐकून आईनं तोंडावर पदर धरला. इकडे कँटीनमधली माणसं माझ्याकडे वळून बघत होती. सुट्टी संपली होती. सुपरवायझरनं घड्याळाकडे बोट दाखवलं, मी त्याला हातानंच थांबवलं आणि बोलत राहिलो. जे जे मनात साठलं होतं ते सगळं बोललो. शेवटी वडील उठले. "आबा, पोराची मूठ घ्या," ते म्हणाले, "नाहीतर यंदा आमच्या घरात कोणी रोट खाणार नाही."

आबांनी सूप पुन्हा पुढे ओढलं. मग त्यांनी त्याचं नाव घेतलं आणि गहू टाकला. भाऊ बारावा आकडा इतक्या मोठ्यानं बोलला की आई हसली आणि रडली. मला तर लढाई जिंकल्यासारखं झालं होतं.

तेवढ्यात बहीण फोनसमोर आली. "दादा, आणि माझी?"

आबांनी तोंड उघडायच्या आत मीच म्हणालो, "अगं, मुलींची नसते."

"का नसते?"

आमच्यात कुठल्याच मुलीची मूठ कधी पडली नव्हती. लहानपणापासून मी ते बघत होतो आणि मला एकदाही खटकलं नव्हतं. आबा हसले. भांडण मिटलं म्हणून वडीलही हसले. ती हसली नाही. आता दादा माझ्यासाठीही ओरडेल, म्हणून ती फोनकडे बघत उभी होती.

भावाच्या मुठीसाठी मी कामावर जायला अर्धा तास उशीर केला होता. तिला म्हणालो, "माझी जेवणाची सुट्टी संपली गं," आणि फोन ठेवला.