सॅलडच्या रंगाची वायर

त्या वर्षी ईस्टरचं जेवण कुठे मांडायचं, हा प्रश्न कॅसिमिर पिएत्झाकला थंडीतच पडला होता. लग्न झाल्यापासून ते तळघरातच होत आलं होतं. वरचं स्वयंपाकघर लोरेटा लखलखीत ठेवायची आणि तिथे कॉफीपलीकडे काही करायची नाही. रांधणं, तळणं, धुणं, माणसं जेवू घालणं, सगळं खाली. आणि खाली, लांब टेबल जिथे उघडायचं बरोब्बर त्याच जागी, आता पिनबॉलचं, म्हणजे चेंडू टोलवून गुण मिळवायच्या खेळाचं, एक जुनं यंत्र चार पायांवर उभं होतं. वरची काच काढलेली, खेळायची फळी मोटारीच्या बॉनेटसारखी उचललेली आणि आत वायरींचं रान.

कोपऱ्यावरचा बार बंद झाला तेव्हा मालक ते कचऱ्यात काढणार होता. लोरेटा पाव आणायला गेली होती. ती पाव न घेताच परत आली आणि म्हणाली, "कॅझ, शेजाऱ्यांची हातगाडी माग. आणि पाठीला पट्टा बांध."

लोरेटाने त्या यंत्राच्या पोटात वाकून पाहिलं होतं आणि तिला वायरींच्या जुडग्यावरच्या गाठी दिसल्या होत्या. ही यंत्रं बनवणाऱ्या तिच्याच कारखान्यातल्या. एकोणिसाव्या वर्षी ती तिथे लागली. लाकडी फळ्यांवर खिळे मारलेले असत. रंग बघून वायर खिळ्याखिळ्यातून ओढायची, सगळ्या ओढून झाल्या की मेण लावलेल्या दोऱ्याने बोटाबोटावर गाठ मारत जुडगा बांधायचा. गाठ अशी की दोरा मध्येच तुटला तरी पुढची सुटू नये. रांगेत सगळ्या बायकाच होत्या. पुरुषांची बोटं ह्याला चालत नाहीत, असं मुकादमीण स्ताशाबाई म्हणायची.

गंमत अशी की शहरात तेव्हा ह्या खेळाला बंदी होती. शिकागोने यंत्रं बनवायची, जगाने खेळायची आणि शिकागोत कुणी खेळताना सापडलं तर पोलिसांनी यंत्र फोडायचं. चोरून खेळायच्या जागा होत्या, पण बारच्या मागच्या खोल्यांत. तिथे लोरेटाचे भाऊ जात, लोरेटा नाही. बंदी उठली तोवर तिला तीन मुलं झाली होती आणि ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. आपल्या हातून गेलेल्या यंत्रांपैकी एकावरही ती कधी एक डाव खेळली नव्हती. हे ती कुरकुर न करता सांगे, पावसाचं सांगावं तसं. पण त्या थंडीत तिने शिवणकाम सोडलं, पत्ते सोडले, दुखऱ्या अंगठ्याला पट्टी बांधली आणि ती यंत्राला भिडली, तेव्हा कॅसिमिरला कळलं की तिला तो डाव हवाच आहे.

तिची पद्धत घरच्या बाईची होती. स्क्रू मफिनच्या साच्यात, प्रत्येक खळग्यात एका जागेचे. आकड्यांची चाकं भांड्यांच्या साबणाने धुऊन टॉवेलवर उताणी वाळत घातलेली. संपर्काच्या पट्ट्या नखं घासायच्या कानशीने, पण इतक्या हलक्या हाताने की वरचा काळेपणा जावा आणि धातू राहावा. मोहरीएवढा डाग देऊन ती वायर चिकटवायची आणि त्यावर फुंकरही घालायची नाही. "फुंकलं की सांधा आंधळा होतो," म्हणायची. जन्मभर बसच्या डेपोत मेकॅनिक राहिलेला कॅसिमिर टॉर्च धरून उभा राही आणि मनात म्हणे, ही माझ्या हाताखाली असती तर निम्म्या बस रस्त्यात बंद पडल्या नसत्या. तोंडाने एवढंच म्हणे, "मान दुखली माझी."

"मग बस खाली. टॉर्च मात्र वर ठेव."

अडचण डॅरेनची होती. डॅरेन हा कॅसिमिरच्या बहिणीचा मुलगा, चाळिशीचा, गॅरेजमध्ये असली चार यंत्रं बाळगणारा. तो ख्रिसमसला येऊन आत डोकावला आणि ओठ मुडपून म्हणाला, "मामी, ही वायर कापडी आहे. कुजलीय. सगळा जुडगा कापून फेकू, आत एक इलेक्ट्रॉनिक बोर्ड बसवू. दिवे लागतील, आवाज येतील, कुणाला कळणारही नाही."

"मला कळेल."

"पण चालायला तर हवं ना?"

लोरेटा उगाच भांडणारी नव्हती. तिनेच ठरवून टाकलं: ईस्टरपर्यंत स्वतःच्या वायरींवर एक पूर्ण डाव चालला तर यंत्र इथेच राहील. नाहीतर डॅरेनने गाडी आणावी, यंत्र न्यावं आणि काय कापायचं ते कापावं.

ईस्टरआधीच्या उपवासाच्या आठवड्यांत यंत्र एकेक अवयव हलवू लागलं. आधी दिवे, मग घंटा, मग चाकं. एका शुक्रवारी लोरेटा चर्चमध्ये गेली असताना कॅसिमिर भिंग घेऊन वायरींचा नकाशा तपासत बसला. तळाच्या पाटावर दोन रिले, म्हणजे विजेने हलणारे खटके, शेजारी शेजारी होते. एक दहा गुणांचा, एक धक्का पकडणाऱ्या टिल्टचा. नकाशात दहा गुणांच्या रिलेवर स्लेट रंगाची वायर होती, म्हणजे राखाडी, आणि टिल्टवर हिरवी. प्रत्यक्षात उलटं होतं. डेपोत नकाशा म्हणजे बायबल. त्याने दोन्ही सांधे सोडवले, वायरी जागच्या जागी लावल्या, आणि सवडीने कधीतरी सांगू म्हणून गप्प राहिला. त्याला वाटलं, बायकोचा अर्धा दिवस वाचवला.

ईस्टरला चार दिवस उरले असताना, पवित्र आठवड्यातल्या बुधवारी तिने पहिला चेंडू सोडला. चेंडू वर गेला, घरंगळत आला आणि डाव्या बंपरला, म्हणजे दहा गुण देणाऱ्या खुंटाला, लागला. लागताक्षणी सगळं थिजलं आणि मागच्या काचेवर 'टिल्ट' असं पेटलं.

यंत्राला धक्के मारून कुणी फसवू नये म्हणून आत एक लोलक टांगलेला असतो. धक्का बसला की तो भोवतीच्या कडीला टेकतो आणि तो चेंडू बाद होतो. लोरेटाने वळून नवऱ्याकडे पाहिलं.

"मी हातसुद्धा लावला नाही," कॅसिमिर म्हणाला.

पुन्हा तेच झालं, आणखी एकदा तेच. मग तिने मुद्दामच यंत्राला कंबरेने धक्का दिला. घंटा वाजली आणि दहा गुण जमा झाले.

"नीट खेळलं की शिक्षा, ढकलाढकली केली की बक्षीस," कॅसिमिर म्हणाला. "शिकागोचंच आहे, शंका नको."

ती हसली नाही. तिने त्याच्या डेपोतलं मीटर लावून वायरींचा माग काढला. बंपरवरची वायर टिल्टकडे जात होती, लोलकावरची दहा गुणांकडे. वरच्या टोकांना रंग ओळखू येत नव्हते. दिव्यांची धग आणि बारमधल्या सिगारेटींचा धूर ह्यांनी तिथे सगळ्याच वायरी चहाच्या रंगाच्या झाल्या होत्या. खाली रिलेंवर मात्र रंग नकाशाबरहुकूम होते.

कॅसिमिरला आपण सोडवलेले ते दोन सांधे आठवले. पण आपण तर नकाशाप्रमाणेच केलं होतं, तेव्हा दोष दुसरीकडेच असणार, असं त्याने स्वतःला समजावलं. गुरुवार गेला, शुक्रवार गेला.

शनिवारी ती ईस्टरच्या खाण्याची टोपली चर्चमधून आशीर्वादून घेऊन आली. अंडी, सॉसेज, लोण्याचं घडवलेलं कोकरू फ्रीजमध्ये ठेवलं, कोट न काढताच खाली आली आणि शिवणाची कात्री घेतली.

"काय करतेस?"

"गाठी कापते. खाली रंग बरोबर आणि रस्ता चुकलेला, म्हणजे मध्ये कुठेतरी कुणी वायर तोडून उलटी जोडलीय. बारवाल्याचा एखादा उद्योगी मेव्हणा असेल. असला झाकलेला जोड पोटात ठेवून मी घरात वीज सोडणार नाही."

"जुडगा उघडला तर कापड टिकेल?"

"नाही टिकणार. भुगा होईल." तिने पहिल्या गाठीखाली कात्रीचं टोक सरकवलं. "मग डॅरेन घेऊन जाईल. ठरलंय तसं."

तिचा आवाज साधाच होता. कॅसिमिरला तो ऐकवला नाही.

"लोरेटा, तो उद्योगी मेव्हणा मी आहे."

कात्री थांबली.

"रिलेवर हिरवी होती. नकाशात स्लेट. तू चर्चला गेलीस तेव्हा मी बदलली."

"हिरवी कुठे होती? दहा गुणांवर?"

"हो. आणि टिल्टवर स्लेट. मला वाटलं—"

"बसच्या डेपोत येऊन मी कधी तुझ्या वायरी बदलल्या होत्या?"

"नाही."

"बुधवारी का नाही बोललास?"

"नकाशा माझ्या बाजूने होता," तो म्हणाला.

ती जिन्याच्या पायरीवर बसली. तो बोलणी खायला उभा राहिला. पण तिचे खांदे हलायला लागले, आणि ती रडतेय की काय म्हणून तो पुढे झाला तर ती हसत होती, कोटाची बाही तोंडावर धरून.

"सॅलड," ती म्हणाली. "अरे, सॅलड आहे ते. स्ताशाबाई रंग ओरडून सांगायची. नव्या पोरी पोलंडहून जहाजातून उतरून सरळ रांगेत. राखाडीला 'ग्रे' म्हणतात एवढं त्यांना कुणीतरी शिकवलेलं असायचं. स्लेट कुणाला ठाऊक? त्या गोंगाटात त्यांना ऐकू यायचं सॅलड. सॅलड म्हणजे हिरवं. की घेतली हिरवी. मग पुढे हिरवीच्या जागी उरलेली स्लेट."

"आणि ते तसंच बाहेर पडायचं?"

"दोन्ही टोकांना तीच चूक असली की यंत्राला काय फरक पडतो? तपासनीस खेळून बघायचा, चाललं की पुढे. स्ताशाबाई म्हणायची, चालतंय ना, मग मारा गाठी." तिने डोळे पुसले. "इतकी वर्षं सुखाने चाललं, आणि तू व्याकरण सुधारलंस त्याचं."

"मग ही वायर तू ओढलेली असेल?"

"कुणाला माहीत. गाठी सगळ्यांच्या सारख्याच. तशाच शिकवल्या होत्या." तिने कात्री त्याच्या हातात दिली. "ही वर ठेव. आणि सोल्डरची तार आण. मी करते, तू लांब उभा राहा."

रविवारी डॅरेन लाकडी फळ्या, पट्टे सगळं गाडीत टाकून आला. टेबल तळघरातच मांडलं होतं, पण एका बाजूने भिंतीला टेकवून, आणि तीन माणसांना जिन्यावर ताटली घेऊन बसावं लागणार होतं. कॅसिमिर पांढरं सूप वाढत होता. लोरेटा चर्चच्याच कपड्यांत यंत्रासमोर उभी होती.

"मामी, चालतंय?"

"बघ की."

पहिला चेंडू तिने गमावला. बटण दाबेपर्यंत तो दोन्ही टोलवायच्या दांड्यांच्या मधून सरळ खाली गेला. तिला खेळता येत नव्हतं, येणार कुठून. दुसरा चेंडू डाव्या बंपरला लागला, घंटा वाजली, चाक खडखडत दहाने पुढे सरकलं. डॅरेनने डोकं एका बाजूला झुकवून आवाज ऐकला. मग जाकीट काढून खुर्चीवर टाकलं, इस्त्रीच्या पँटसकट फरशीवर आडवा झाला आणि मोबाइलचा दिवा लावून यंत्राच्या खालच्या झडपेतून आत बघू लागला. बराच वेळ तो बाहेर आला नाही.

"डॅरेन, सूप निवतंय," कॅसिमिर म्हणाला.

"हो मामा." खालून आवाज आला. "मामी, ह्या गाठी दोऱ्याच्या एकाच टोकाने मारल्यात. कशा मारतात? दाखवशील?"

"दाखवीन," लोरेटा म्हणाली. तिची नजर काचेखाली खिळली होती. "पण आत्ता नाही. माझा चेंडू वर आहे."