आप्पासोंच्या लेखाखालची ओळ

आप्पासो निकम माझ्या कॉम्प्युटर क्लासात पहिल्यांदा आले तेव्हा साठीला टेकले होते. विट्यात एसटी स्टँडच्या मागं माझा क्लास आहे. येतात ती बहुतेक टायपिंगच्या परीक्षेची मुलं. आप्पा दारात चप्पल काढून उभे राहिले आणि म्हणाले, "मला परीक्षा न्हाई द्यायची, राणी. मला लिवायचंय."

तीस वर्षं त्यांनी कोइमतूरला गलाईचं काम केलं. जुने दागिने वितळवायचे, तेजाबात टाकायचे आणि चोख सोनं बाहेर काढायचं. आमच्या भागातली निम्मी माणसं याच कामानं हिंदुस्थानभर पांगली आहेत. तेजाबाच्या धुरानं आप्पांची छाती बिघडली, डॉक्टरांनी भट्टीजवळ जायला बंदी केली, तेव्हा दुकान पुतण्याच्या हाती देऊन ते गावी परतले. पण गावात भट्टीबद्दल बोलायचं कुणाशी? ज्यांच्याशी बोलावं ते सगळे बाहेर.

मी त्यांना एक साधी वेबसाइट करून दिली. नाव त्यांनीच ठेवलं, 'भट्टीवरनं'. दर सोमवारी एक लेख, एका बोटानं टाइप केलेला. तांबूस धूर थांबला की काम झालं हे कसं ओळखायचं, तमिळ येत नसताना पहिलं गिऱ्हाईक कसं सांभाळलं, असं काहीबाही. मला फार आवडायचं. पण वाचणारे चारच: मी, आप्पा, त्यांच्या पत्नी माया काकू आणि आणखी कोणीतरी एक.

मग आप्पांनी दिसेल त्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकायला सुरुवात केली. एक दिवस भावकीच्या ग्रुपवरून त्यांना काढून टाकलं.

"सख्ख्या चुलतभावानं काढलं गं," म्हणत ते बाकावर बसले. पाणी दिलं तेही घेतलं नाही.

तेव्हा मी त्यांना आरएसएस फीडबद्दल सांगितलं. नाव ऐकून ते बिचकले. "आपल्याला राजकारण नको, पोरी."

"राजकारण नाही, आप्पा. तुमच्या वेबसाइटचा एक वेगळा पत्ता असतो. ज्याला वाचायचंय तो आपल्या फोनमधल्या ॲपमध्ये तो पत्ता एकदाच घालतो. पुढं तुम्ही लेख टाकला की त्याच्याकडे आपोआप पोचतो. नको असेल त्याला जात नाही."

"म्हंजे कुणाच्या दारात जायचं न्हाई," आप्पा म्हणाले. हे त्यांना पटलं.

दुपारी गलाईच्या दुकानात जरा सवड असते. त्या वेळी आप्पा बाहेरगावच्या एकेका गलाईवाल्याला फोन लावायचे. "हां नाथाजी, वर तीन रेघा दिसत्यात का? तिथं दाब. आरं, बंद कशापायी केलंस?" एका माणसाला पाऊण तास लागायचा. चार महिन्यांत पाटण्यापासून कोचीपर्यंत साठ-सत्तर माणसं झाली.

मी एकदा सुचवलं, "फीडमध्ये पहिल्या चार ओळीच देऊ. पुढचं वाचायला माणसं वेबसाइटवर येतील, आकडा वाढेल."

"आकडा वाढवून काय करू? भट्टीत सोन्याची मूस तापस्तवर त्यांना दोन मिन्टं मिळत्यात. तेवढ्यात अर्ध्यावर नको अडवू."

म्हणून फीडमध्ये पूर्ण लेखच जात राहिला आणि तिथंच घोटाळा झाला. बातम्यांच्या कुठल्याशा वेबसाइटवर मला आप्पांचे सगळेच्या सगळे लेख सापडले. लेखकाच्या जागी फक्त 'प्रतिनिधी'. माझा तर संतापच झाला. आप्पांनी मात्र चष्मा लावून पान नीट पाहिलं.

"चित्रं बरी लावल्यात," ते म्हणाले. "हे बसून उतरवतं कोण?"

"कुणी नाही. तुमच्या फीडमध्ये येईल ते यंत्र जसंच्या तसं उचलतं."

"वाचत न्हाई कुणी?"

"नाही."

"मग माझं नाव लेखातच घाल की. आन फोन नंबरबी."

मी प्रत्येक लेखाखाली एक ओळ जाईल अशी सोय केली: 'हे आप्पासो निकम यांनी लिहिलं आहे, तुम्हाला काही आठवत असेल तर फोन करा.' खाली नंबर. सोमवारी ती ओळ त्या वेबसाइटवरही छापून आली, 'प्रतिनिधी'च्याच नावाखाली. आप्पा खोकला लागेपर्यंत हसले.

त्या वेबसाइटचे वाचक हजारोंनी होते. फोन येऊ लागले. कुणी सोन्याचा भाव विचारी, कुणी नुसतंच "माझे चुलतेबी गलाईत हुते" म्हणून सांगे.

मार्चमध्ये आप्पांनी तानाजीवर लिहिलं. सुरुवातीला दोघं एकाच दुकानात कामाला होते. तानाजी सत्ताविसाव्या वर्षी रस्त्यावरच्या अपघातात गेला. दोन दिवसांनी उंब्रजहून एका नर्सचा फोन आला. "मी संयोगिता. तानाजी माझे वडील. ते गेले तेव्हा मी दीड वर्षाची होते."

रविवारी ती आप्पांच्या घरी आली. आप्पांनी इस्त्रीचा सदरा घातला होता; मलाही बोलावून घेतलं होतं. तिनं मोठं काहीच विचारलं नाही. ते डावरे होते का, एवढं विचारलं.

"डावराच. चिमटा डाव्या हातात धरायचा, म्हणून मी कायम त्याच्या उजव्या अंगाला बसायचो."

संयोगितानं आपला डावा हात पुढं केला आणि उलटसुलट करून पाहत राहिली. माया काकूंनी चहा केला, मग जेवणही केलं. आप्पा तीन तास बोलत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "ह्ये सगळं लिवू का?"

"लिहा. पण आई वाचेल."

"मग आधी तिला इचार."

तिची आई, बनुबाई, हिनं लेकीच्या फोनवर तानाजीवरचा पहिला लेख वाचला आणि स्वतःच फोन केला. माझ्या क्लासातच आप्पांनी तो घेतला. "आवं, तुमी लिवलंय त्येंला च्या आवडायचा. खोटं हाय. तुमच्यासंगट पीत असतील. घरात दूधच मागायचे."

आप्पांनी निमूटपणे दुरुस्ती केली. दुसरा लेख बनुबाईंना फोनवर वाचून दाखवला आणि त्यांनी हो म्हटल्यावरच सोमवारी टाकला.

आता बनुबाईंच्या फोनमध्येही ते ॲप आहे. लेख कुणाबद्दलही असो, सोमवारी दुपारी त्यांचा फोन येतो आणि त्या एक तरी चूक काढतात. फोनला उशीर झाला तर आप्पा मला विचारतात, "राणी, लेख गेलाय न्हवं?"