धाकट्या जावेचे फोल्डर

वर्षाराणी माझी धाकटी जाऊ. तिचं नाव काढलं की आमच्या धनज गावात लोकांचे चेहरे खुलतात आणि माझा पडतो. आधीच सांगून टाकते, कारण तिच्याबद्दल गोड बोलणारे पुष्कळ भेटतील. तिच्या पोळ्या मऊ, तिचे केस लांब, सासूबाईंच्या गुडघ्यांना तेल चोळताना कपाळावर आठी नाही. तेवढ्यावर थांबली असती तर मी सोसलं असतं. पण ती माझ्या कामात आली.

शेतातला पंप घरबसल्या फोनवरून चालू-बंद करणारा एक डबा असतो. त्याला मोबाइल स्टार्टर म्हणतात. त्यात एक चिप असते आणि त्या चिपवर एक छोटी ऑपरेटिंग सिस्टीम चालते. अकोल्याच्या एका कंपनीसाठी ती मी लिहिली, घरी बसून, एकीकडे भाजी फोडणीला टाकत. मालक मोहनसिंग मला मॅडम म्हणायचे. ही लॅपटॉपवर काय करते ते घरात कोणाला कळत नव्हतं, पण काहीतरी मोठं करते एवढं सगळे धरून चालायचे. मला तेवढं पुरत होतं.

मग ती चिप बाजारात मिळेनाशी झाली. कंपनीने दुसरी घेतली, आणि तिची तऱ्हाच निराळी. घड्याळाचे ठोके मोजायची रीत वेगळी, एक काम अर्ध्यावर ठेवून दुसरं उचलायची रीत वेगळी. त्याच सुमाराला हरीओम भावजींचं लग्न होऊन केनवडची वर्षाराणी घरात आली. तीही कॉम्प्युटर शिकलेली. सासूबाई माझ्या मागेच लागल्या, "तिले बी लाव नं तुह्या कामावर. एकटी काहून मरून राह्यली?" हाताखाली कोणी असलं तर बरं, म्हणून मी मोहनसिंगांना सांगितलं.

आल्या आल्या हिने माझं सगळं वाचून काढलं. मी दोन्ही चिपा एकाच फाइलीत बसवत होते. ही चिप असेल तर असं कर, ती असेल तर तसं कर, जागोजागी.

"ताई, तिसरी चिप आली तं?"

"तं तिसरं लिहू."

तिने वहीत काहीतरी टिपून घेतलं. तिच्या त्या टिपून घेण्याने माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तिने मांडणीच बदलली. प्रत्येक चिपला तिचं फोल्डर, त्यात त्या चिपच्या रीतीभाती. बाकीचं सगळं सामाईक फाइलीत, आणि चिप कोणती आहे हे त्या फाइलीला माहीतच नको. सामाईक फाइल नुसतं विचारणार, वेळ काय झाली? डब्यात जी चिप असेल तिचं फोल्डर उत्तर देणार. सासूबाईंनाही तिने समजावून सांगितलं, "आई, आपली विहीर एक, आंगण एक. पण ताईची चूल येगळी, माही येगळी. तसंच हाय हे." इतक्या वर्षांत सासूबाईंना माझं काम पहिल्यांदा कळलं, आणि तेही तिच्या तोंडून.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसले. विजेच्या तीन फेजपैकी एक गेली तर मोटर जळते, म्हणून ती आधीच बंद करायची. हा हिशेब सगळ्या चिपांवर सारखाच. तो मी माझ्या जुन्या चिपच्या फोल्डरात ठेवला होता.

"ताई, हे तुमच्या फोल्डरात काहून? हे तं सगळ्याईचं हाय."

"राहू दे तिथंच. त्याले हात नको लावू."

आमच्या घरात शेवयांची मशीन एकच, आणि ती माझ्या खोलीत असते. उन्हाळ्यात वाळवणं सुरू झाली की साऱ्या बाया ती मागायला माझ्या दारात येतात. मागायला आल्या म्हणजे कळतं, घरात मोठी कोण ते. फेजचंही मला तसंच हवं होतं. वर्षाराणीने वाद घातला नाही. माझ्या फोल्डरावरूनच तिने फेजचा हिशेब सामाईक फाइलीत उतरवून घेतला, नवी चिप तिकडे वळवली आणि म्हणाली, "तुमचा तुमच्यापाशी राहू द्या." राग यावा असं त्यात काहीच नव्हतं, म्हणून जास्तच आला.

यंदा कंपनीने कळवलं की दोघींपैकी एकीलाच पक्कं ठेवणार. आता तीच, हे मी गृहीत धरलं. मोहनसिंग फोनवर तिचं कौतुक करत असले की मी स्वयंपाकघरात भांडी आपटायची. मग तिसरी चिप आली. अकोल्याला नवीनच लागलेल्या किशनने वर्षाराणीच्या फोल्डराची नक्कल केली, आतली उत्तरं तेवढी बदलली, आणि डबा चालू झाला. त्याने तिला साधा फोनसुद्धा केला नाही. मोहनसिंगांनी विचार केला, हिचं काम आता कोणीही करेल. माझ्या जुन्या चिपचे डबे मात्र शेतोशेती लागलेले, आणि त्यांच्या आतलं माझ्याशिवाय कोणाला उलगडत नाही. नोकरी मला मिळाली.

मी पेढे आणले. पहिला तिच्याच हातावर ठेवला, आणि चेहरा कधी पडतो याची वाट पाहत उभी राहिले. "बरं झालं ताई," ती खाता खाता म्हणाली, "मले बी जरा मोकळं व्हाचं होतं." महिनाभरात तीच मांडणी दाखवून तिने दुसरीकडे काम मिळवलं.

हिवाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीचं, निताचं, कामरगावला लग्न झालं. नवरीच्या मागे करवली म्हणून मीच उभी राहायचं, हे तिने लहानपणापासून ठरवलेलं. आंतरपाट धरायच्या वेळेला मोहनसिंगांचा फोन. फेजच्या हिशेबात एक चूक निघाली होती. वीज येऊनही पंप उठेनात, लोकांच्या हरभऱ्याची पाण्याची पाळी चालली होती. किशनने सामाईक फाइलीत एकदा दुरुस्त केलं आणि नव्या चिपांचे सगळे डबे सुरू झाले. माझे राहिले.

मी आतल्या खोलीत लॅपटॉप उघडला. वर्षाराणी मागोमाग आली. "द्या मले, मी पाह्यतो. तुमी जा मांडवात."

"तुले नाही समजणार."

तिने वाकून पाहिलं. तिने उतरवून घेतल्यानंतर मी त्यात इतकी ठिगळं लावली होती, की खरंच, तिलाही समजलं नाही. बाहेरून आई ओरडली, "अवं, करवली कुठी हाय? मुहूर्त चालला!" वर्षाराणी दारापर्यंत जाऊन थांबली. मी मान वर न करता म्हटलं, "जा." कोपऱ्यातला करवलीचा दिवा उचलून ती गेली. मंगलाष्टकं मी भिंतीआडून ऐकली.

माझे डबे सुरू झाले तोवर पंगती बसल्या होत्या. निता मला पाहताच गळ्यात पडली.

"ताई, माह्या हातपायाले कापरं सुटलं होतं वं. तुवा मांगून खांद्यावर हात ठेवला, तवा कुठी जिवात जीव आला."

आंतरपाटाकडे तोंड करून उभी असलेली ती, मागे वळून कशाला बघते? मी म्हटलं, "हो."

वर्षाराणी शेजारीच ताट घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं, आणि एक शब्द बोलली नाही. यासाठी मात्र मी तिला कधीच माफ करणार नाही.