खोबरेल लावू नको

मालनताईंचं पार्लर लांज्याच्या एसटी स्टँडपासून चार मिनिटांवर, एका औषधाच्या दुकानाच्या माडीवर आहे. जिना अरुंद आहे. नवरीबरोबर आलेल्या बायका एकीमागून एक चढतात आणि वर पोचल्या की आधी पंख्याखालची खुर्ची शोधतात. मालनताईंचं वय आता अठ्ठेचाळीस. नवरा, अनिल, मुंबईला एका बँकेत शिपाई आहे; गणपतीला आणि शिमग्याला येतो. पार्लर काढण्याआधी त्या सहा वर्षं काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जात होत्या. मग रत्नागिरीला तीन महिन्यांचा कोर्स केला, आणि पुढचं सगळं नवरीमुलींच्या चेहऱ्यांवरच शिकल्या.

पूर्वी नवरीचा मेकप म्हणजे पांढरा थर असायचा. मान एका रंगाची, तोंड दुसऱ्या रंगाचं. आता मुली मोबाईल पुढे करतात आणि म्हणतात, "ताई, असा ड्युई लूक पाहिजे." फोटोतला चेहरा नुकताच पाणी मारून टिपल्यासारखा दिसतो, आतून उजेड आल्यासारखा. मालनताई त्याला पाणीदार म्हणतात. मोती पाणीदार असतो तसा.

मे महिन्यात रत्नागिरीत चेहरा चमकवायला मेकपवाली कशाला हवी, घाम ते काम फुकट करतो, हा विनोद त्यांना प्रत्येक लग्नात कुणीतरी ऐकवतं. त्या हसतात. घामाची चमक कपाळावर आणि नाकावर येते, हवी असते ती गालाच्या हाडावर. चार बोटांचं अंतर. पण त्या चार बोटांसाठी त्यांना कितीतरी वर्षं लागली. शेवटी त्यांच्या लक्षात आलं की या मेकपमध्ये लावण्यापेक्षा न लावण्याचं कौशल्य जास्त आहे. म्हणून त्या नवरीला महिनाभर आधी फोन करून पथ्य सांगतात. पाणी भरपूर पी. जागू नको. आणि चेहऱ्याला खोबरेल लावू नको, तेल मुरलेल्या कातडीवर फाउंडेशन घसरतं.

हे पथ्य त्यांनी राहीलाही सांगितलं होतं.

राही म्हणजे महिपतरावांची मुलगी. लांज्याहून रत्नागिरीकडे जाताना आतल्या बाजूला त्यांची वाडी आहे आणि दीडशे हापूस कलमांची बाग. आई चार वर्षांपूर्वी वारली. लग्न ठरलं होतं पूर्णगडच्या सुजयशी. सुजय बोटीवर नोकरीला, रजा संपत आलेली. त्यामुळे तारीख पुढे ढकलण्याचा प्रश्नच नव्हता.

लग्नाला सहा दिवस असताना राहीचा फोन आला. आवाज बारीक होता.

"ताई, तुम्ही जरा घरी येऊन जाल काय?"

मालनताई दुपारच्या गाडीने गेल्या. राही माजघरात बसली होती. उजव्या गालावर, डोळ्याखाली दोन बोटं सोडून, रुपयाएवढा काळपट चट्टा होता आणि मधली कातडी सोलवटून ओली दिसत होती. आंब्याचा चीक उडाला होता. बागेत आंबा उतरवायची घाई, त्यात दोन गडी घरी गेलेले, म्हणून राही दोन दिवस खोपीत, कलमांखालच्या झोपडीत, आंबे निवडायला बसली होती. एक देठ मोडताना चिकाची चिळकांडी थेट गालावर आली. साबणाने धुवायच्या ऐवजी तिने पदराने पुसली आणि रात्री वर लिंबू चोळलं. सकाळपर्यंत गाल पेटला.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"हे मलम दिलंय. म्हणाले, जखम भरेपर्यंत त्याच्यावर दुसरं काय्येक लावायचं नाय."

मालनताईंनी मलमाची ट्यूब हातात घेऊन उगाचच वाचली. बागेत काम करणारी माणसं हाता-तोंडाला खोबरेल चोपडल्याशिवाय देठाला हात लावत नाहीत, हे कुणी सांगावं लागत नाही. तेल असलं की चीक कातडीला धरत नाही. त्या स्वतः काजूच्या कारखान्यात सहा वर्षं हाताला तेल आणि राख लावून बसल्या होत्या.

महिपतराव चहा सांगायला बाहेर गेले तेव्हा राही हळूच म्हणाली, "तेल नव्हतं लावलं, ताई. तुम्ही नको म्हणाला होतात." आणि लगेच, "मी घरात कुणाला सांगितलं नाय हां."

मालनताई काहीतरी बोलणार होत्या. तेवढ्यात महिपतराव आत आले आणि बोलणं राहून गेलं. परतीच्या गाडीत त्यांनी ठरवलं की घरी गेल्यावर राहीच्या घरी फोन करून चूक आपली होती हे सांगायचं. फोन केला नाही. दुसऱ्या दिवशीही केला नाही. या गोष्टीची त्यांना जितकी लाज वाटत होती, तितकाच फोन जड होत गेला.

लग्नाच्या दिवशी सकाळी सात वाजता त्या रत्नागिरीतल्या कार्यालयात पोचल्या. नवरीच्या खोलीला पूर्वेकडे मोठी खिडकी होती. तिथे सावित्रीआत्या आधीच येऊन बसल्या होत्या. या महिपतरावांच्या थोरल्या बहीण, राहणार डोंबिवली. आई नसलेल्या पोरीचं सगळं त्यांनीच अंगावर घेतलं होतं, हळदीपासून रुखवतापर्यंत, आणि आता त्यांना एकच काळजी होती.

"मालनबाई, तुमच्याकडं ते जाड असतं ना, डाग झाकायचं, ते चोपडा गालावर. वरून पावडर मारा. कळता कामा नये."

"आत्याबाई, खाली जखम अजून ओली आहे."

"एका दिवसाचा तर प्रश्न."

"चिघळायला एक दिवस पुरतो. मग डाग कायमचा राहील."

"तुम्ही मेकपला आलात का डॉक्टरकी करायला?"

आत्यांनी मोर्चा राहीकडे वळवला.

"आणि तू गो. बागवाल्याची पोरगी ना तू? तेल न लावता देठ मोडायला बसलीस? शेंबडं पोर बसत नाय असं. लग्न तोंडावर आलं नि हिची अक्कल गेली पेटीत भरून मुंबैला."

राही मान खाली घालून बांगड्या सरकवत राहिली. तिने मालनताईंकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं मालनताईंना वाटलं.

"तिला मी सांगितलं होतं," त्या म्हणाल्या.

"काय सांगितलंत?"

"तेल लावू नको म्हणून. सगळ्याच नवरीमुलींना सांगते. मेकप घसरतो तेलावर."

"बाग हाय घरात, हे ठाऊक नव्हतं तुम्हाला?"

"ठाऊक होतं. डोक्यात आलं नाही."

आत्यांनी चष्मा नाकावर सारला. "वा. म्हणजे डाग पाडलात तुम्ही, आणि झाकायला नको म्हणताय तेही तुम्हीच."

महिपतराव फुलांची करंडी घेऊन दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. करंडी खाली ठेवून ते म्हणाले, "झालं ते झालं. खोपीत तिला मीच बसवली होती. आता काय करायचं तेवढं बोला."

"झाका, ताई," राही म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "नंतर काय व्हायचं ते होऊ दे. आज सगळी जणं माझ्या तोंडाकडंच बघणार."

मालनताईंनी पेटी उघडली. सगळ्यांना वाटलं, त्या तयार झाल्या. पण त्यांनी राहीचं मलम मागून घेतलं आणि स्वतःच्या डाव्या हाताच्या पाठीवर, थोडं अंतर सोडून, दोन ठिपके लावले. एका ठिपक्याभोवती त्यांनी जाड फाउंडेशन थापून वर पावडर मारली. दुसऱ्याभोवती नुसतं मॉइश्चरायझर, ओल्या स्पंजने दाबून बसवलेला फाउंडेशनचा पातळ हात, आणि वर गालाला लावायची चमक. मग खिडकीशी जाऊन त्यांनी हात उजेडात धरला.

"बघा."

पावडरीतला ठिपका कोरड्या पिठावर तेलाचा थेंब पडावा तसा लांबूनच नजरेत भरत होता. दुसरा शोधावा लागत होता. तिथे सगळाच हात ओला दिसत होता, त्यात मलमाचा ओलेपणा मिसळून गेला होता.

"मलम तर लावावंच लागणार," मालनताई म्हणाल्या. "ते चमकणार. आता सगळा चेहराच तसा चमकवला तर ते एकटं पडणार नाही. काळा डाग दिसेल, खोटं सांगत नाही. पण जखमेला हात लागणार नाही."

आत्यांनी तो हात धरून खिडकीपाशी इकडून तिकडून फिरवला, बाजारात टोमॅटो निवडताना फिरवतात तसा. "आणि नवऱ्यामुलाकडच्यांनी विचारलं तर?"

"मला काय त्याचं," राही एकदम म्हणाली. आणि मग, "चीक उडला म्हणायचं. उडलाच हाय." तिने डोळे पुसले आणि खुर्ची खिडकीकडे वळवून बसली. "करा, ताई. तो दुसरा."

मालनताईंनी इतक्या सावकाश कधी काम केलं नव्हतं. आधी थंड पाण्यात पिळलेल्या मऊ फडक्याने चेहरा टिपला. केसांच्या कडेला आदल्या दिवशीची हळद राहिली होती, ती दुधाच्या बोळ्याने काढली, नाहीतर फाउंडेशन पिवळं मारतं. मॉइश्चरायझर लावून ते मुरेपर्यंत पंधरा मिनिटं काहीच केलं नाही. आत्यांना ते बसून राहणं बघवेना. "झोपलात काय?" त्यांनी दोनदा विचारलं. मग फाउंडेशनचे सहा बारके ठिपके, ओल्या स्पंजने दाबत दाबत, चट्ट्याच्या अलीकडे एक बोट थांबून. लाली बोटाने लावली. डोळ्यांच्या पापण्यांवर, डाव्या गालाच्या हाडावर आणि गळ्याखालच्या हाडावर चमक. पावडर फक्त नाकाच्या बाजूंना आणि मुंडावळ्या घासतात तिथे. सगळ्यात शेवटी चट्ट्यावर मलमाचा पातळ हात.

साडेदहाला राहीने आरसा घेतला. बराच वेळ बघत राहिली.

"आजारातून उठल्यासारखी नाय ना दिसत?"

"आंघोळ करून आल्यासारखी दिसतेस," आत्या म्हणाल्या. त्या कौतुक करायला निघाल्या होत्या असं नाही, पण म्हणून गेल्या.

एक अडचण उरली होती, आणि ती मालनताईंनी स्वतःच बोलून दाखवली. पाणीदार मेकपवर अक्षता चिकटतात. एका लग्नात मंगलाष्टकं संपली तेव्हा नवरीच्या गालांवर तांदळाचे दाणे तसेच होते आणि खाली कुंकवाचे लाल ठिपके. सगळे फोटो तसे आले. तेव्हापासून त्या शेवटी पातळ कापडाने टिपून घेतात. पण मलमाला टिपून चालणार नव्हतं, आणि कुंकू जखमेत गेलं तर नवरी बोहल्यावरच कळवळली असती.

"बिनकुंकवाच्या करू अक्षता," महिपतराव म्हणाले.

"पांढऱ्या?" आत्या म्हणाल्या. "लग्न हाय का काय हाय? काय नको. मी उभी राहते."

आणि त्या खरंच उभ्या राहिल्या. बारा वाजून दहा मिनिटांचा मुहूर्त होता. नवरीच्या उजव्या अंगाला, करवलीला मागे सारून, सावित्रीआत्या आपला तळवा राहीच्या गालापासून वीतभर अंतरावर आडवा धरून उभ्या राहिल्या. प्रत्येक "सावधान"ला अक्षतांचा मारा यायचा आणि त्यांच्या हातावर, अंबाड्यावर, नव्या चष्म्यावर पडायचा. त्यांनी हात हलवला नाही. एका हाताला रग लागली की दुसरा धरायच्या. फोटोग्राफर विनीत खालून हाताने खुणा करत होता, मावशी बाजूला व्हा, मावशी बाजूला व्हा. आत्या त्याच्याकडे बघतही नव्हत्या.

अर्थात त्यामुळे जे कुणाच्या लक्षात आलं नसतं ते सगळ्यांच्या लक्षात आलं. पहिल्या रांगेतल्या बायका माना वाकड्या करून बघू लागल्या. भेटवस्तू द्यायला रांग लागली तेव्हा मुलाकडची एक म्हातारी, पूर्णगडची, राहीची हनुवटी धरून म्हणाली, "चीक काय गो?"

"होय, आजी."

"कोकमतेल लाव. आठ दिवसांत जाईल."

तिच्या मागची म्हणाली, कोकमतेल नको, ताक. तिसरीने नारळाचं दूध सांगितलं. सुजयच्या काकांनी बाही वर करून कोपराजवळचा आपला जुना डाग दाखवला आणि तो कुठल्या साली पडला ते सांगितलं. सुजय सगळं ऐकून घेत होता. तो राहीकडे वाकून म्हणाला, "जेवणापर्यंत अकरा औषधं झाली. लिहून ठेवू काय?" राही हसली. मालनताई मांडवाच्या खांबाशी उभ्या होत्या. तिच्या हसण्याने चट्ट्याची कडा ताणली जाते की काय, तेवढंच त्यांनी बघितलं.

पाठवणीच्या आधी मेकप उतरवायला राही खोलीत आली. मालनताईंनी कापसाने सगळीकडचा रंग काढला आणि शेवटी तिचा गाल खिडकीच्या उजेडात धरला. जखम फुटली नव्हती. कडेने बारीक गुलाबी कातडी धरायला सुरुवात झाली होती. आत्याही शेजारी वाकून बघत होत्या.

"फुटली नाय," आत्या म्हणाल्या.

"नाही."

"हात मोडला माझा." त्यांनी खांदा चोळला. "पण ऐका, मालनबाई. पुढच्या पोरीला सांगताना जरा बघून सांगा."

"होय," मालनताई म्हणाल्या.

त्या अजूनही नवरीमुलींना महिनाभर आधी फोन करतात. पाणी पी, जागू नको, हे तसंच आहे. खोबरेलापाशी आल्या की थांबतात आणि आधी विचारतात, घरी बाग आहे काय, आंब्याच्या दिवसांत हात लावावा लागतो काय. मुलींना ते चमत्कारिक वाटतं. परवा केळशीची एक मुलगी म्हणाली, "बाग नाही, ताई, होडी आहे. सकाळी बाबांबरोबर जाळी सोडवायला बसते मी, उन्हात. तेल नाही लावलं तर तोंड फुटतं." यावर नेमकं काय सांगायचं ते मालनताईंना चटकन सुचलं नाही. उद्या फोन करते म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी केला.