होय, मी अलिबागहून आलोय

गेटवेचा धक्का मागे पडला, लाँच पहिल्या लाटेवर उचलली गेली आणि माझ्या पोटातली इडली व डोक्यातला उदात्त हेतू दोन्ही एकदमच हलले. शेजारी डॉ. बर्वे दगडासारखे बसले होते. ते वैद्यक परिषदेनं पाठवलेले निरीक्षक. "साळवी," ते म्हणाले, "कार्यक्रम दर्जेदार वाटला तरच पॉइंट देईन. सहल वाटली, तर शून्य."

हे पॉइंट काय, ते सांगायला हवं. डॉक्टर झालं की शिक्षण संपतं, असा तुमचा समज असेल तर तो आमचाही होता. पण आम्हाला जन्मभर व्याख्यानं ऐकावी लागतात, त्यांचे पॉइंट मिळतात आणि ते पुरेसे साठले तरच परवान्याचं नूतनीकरण होतं. मी त्वचारोगतज्ज्ञ, मुंबईतल्या आमच्या संघटनेची ही व्याख्यानं मीच भरवतो. मोठ्या हॉटेलात, संध्याकाळी, इंग्रजीत. आणि पत्रिकेवर ठळक छापतो, 'सर्वांसाठी खुले'.

एक दिवस रेवदंड्याहून डॉ. नसीमा यांचा फोन आला. "सर, तुमचं 'सर्वांसाठी खुलं' सुटतं, तोवर मांडव्याची शेवटची लाँच गेलेली असते. तान्ही मुलगी काखेत घेऊन मी गेटवेवर झोपू का?" महिनाअखेर त्यांचा परवाना संपत होता आणि थोडेच पॉइंट कमी पडत होते. ऑनलाइनचे जेवढे चालतात तेवढे घेऊन झाले होते. परवाना गेला की दवाखान्याला कुलूप, आणि आसपासच्या गावांतल्या बायका मोकळेपणानं जिच्याकडे जातात अशी ती एकच डॉक्टर.

"मग आम्हीच येतो!" मी तोऱ्यात म्हणालो आणि त्याच तोऱ्यात शुक्रवार, दुपारी एकची वेळ जाहीर केली. अर्ध्या तासात पुन्हा फोन. "सर, जुम्म्याच्या नमाजला सुट्टी देणार, की व्याख्यान मशिदीतच घेणार?" मी रविवार केला.

मांडव्याला उतरलो. तिकिटात अलिबागपर्यंतची बस धरलेली असते, तिच्यात बसलो. अलिबागला रिक्षा केली. मांडीवर कापडी फलक होता, 'सर्वसमावेशक वैद्यकीय शिक्षण'. रिक्षावाल्यानं आरशातून तो एकेक अक्षर लावत वाचला.

"सर्वसमावेशक म्हंजे जेवण धरून ना?"

"जेवण धरून, आणि सगळी माणसं धरून."

"मंग 'सगळे या' एवढंच लिवायचं की साहेब. कापड बी वाचलं असतं."

बर्वे पहिल्यांदा हसले. मी नागावच्या नारळ-सुपारीच्या वाड्या बघत बसलो. चौल गेलं, रस्ता वाड्यांच्या सावलीत शिरला, बाहेर आला आणि सुकत्या मासळीचा वास रिक्षात येऊन आमच्या मधोमध बसला. रेवदंडा आलं. खाडीच्या तोंडाशी होड्या, पलीकडे कोर्लईचा डोंगर, आणि वाळूवर पसरलेलं निळं जाळं.

ते जाळं पाहून मला अवदसा आठवली. संघटनेच्या वार्षिक अहवालाला मुखपृष्ठ हवं होतं. 'कोळी बांधवांसोबत डॉ. साळवी' असा एक फोटो मला दिसू लागला. बर्व्यांच्या हाती मोबाईल दिला, बाह्या सारल्या आणि समुद्र आपल्या तीर्थरूपांचा असल्यासारखं जाळं उचललं.

"आरं, नको हात लावू!" जाळ्याजवळ बसलेली कोळीण ओरडली. "त्यात जेलीफिश हाय!"

ती होतीच. हातावरून तापलेली तार ओढावी तसं झालं. मी किंचाळलो आणि मग, त्वचेचा तज्ज्ञ असल्यानं, जे अजिबात करू नये ते केलं. पिशवीतली पिण्याच्या पाण्याची बाटली हातावर रिकामी केली. गोड्या पाण्यानं ते विष जास्तच चेकाळतं, हे मी स्वतः परीक्षेत विचारतो. कळ खांद्यापर्यंत गेली.

समोरून सलवार-कमीजवर पांढरा कोट चढवलेल्या बाई धावत आल्या. "डॉ. साळवी? मी नसीमा. गोडं पाणी ओतलंत? अल्ला! तुम्हीच ना आज शिकवणार?" त्यांनी समुद्राचं पाणी मागवलं, हातमोजे चढवून चिकटलेले तंतू चिमट्यानं अलगद उचलले आणि मला दवाखान्यात नेऊन सोसेल तितक्या गरम पाण्यात हात बुडवायला लावला. बर्वे तेवढा वेळ मोबाईलवर फोटो काढत होते. "अहवालाला," ते म्हणाले.

शाळेच्या सभागृहात शिरलो आणि कळ विसरलो. सभागृह भरलं होतं. तळा गावाहून, मुरुडहून, अलिबागच्या खेड्यांतून डॉक्टर आले होते. बायका निम्म्याहून जास्त. कोपऱ्यात सतरंजी अंथरून चार लेकरं सोडली होती आणि नसीमांच्या सासूबाई मांडीवर नात घेऊन त्यांच्यावर पहारा देत होत्या. आमच्या हॉटेलात मुलांना मज्जाव असतो. म्हणून तिथं आयाही नसतात, हे माझ्या आज लक्षात आलं.

मी स्लाइड सुरू केल्या. पहिला हात गोरापान, त्यावर लालबुंद पुरळ. दुसरा गाल गोरापान, लालबुंद. तिसरी पाठ, तीही साहेबाची. "सूज ओळखायची ती लालीवरून," मी म्हणालो.

तळ्याचे डॉ. शिर्के उठले. "सर, आमच्याकडं असा गोरा पेशंट एकच येतो, तो पण पावडर लावून. शेतात राबणाऱ्या, होडीवर जाणाऱ्या माणसाच्या कातडीवर ही लाली दिसते कुठं? तेवढं सांगा, त्यासाठीच आलोय."

माझ्याकडे तशी एकही स्लाइड नव्हती. बर्व्यांनी पेन उघडलं. मागच्या रांगेत नसीमा ताठ झाल्या. घाबरलेल्या माणसाची जीभ जुन्या वळणावर जाते, तशी माझी गेली. "अहो, एवढं मला कळतं," मी हसत म्हणालो, "मी काय अलिबागहून आलोय?"

मुंबईत आम्ही हे दिवसातून दहादा म्हणतो. मला काय खुळा समजता, एवढाच त्याचा अर्थ. पण मी म्हणत होतो ते अलिबाग तालुक्यात, अलिबाग तालुक्यातल्या डॉक्टरांपुढे. सभागृह असं गप्प झालं की सतरंजीवरच्या मुलांनीही खुळखुळा थांबवला.

मग नसीमा उभ्या राहिल्या. आता हा माणूस आपले पॉइंट बुडवणार, हे त्यांना दिसत असणार. चेहरा गंभीर ठेवून त्यांनी विचारलं, "सर, सकाळी मांडव्याला उतरलात. तिथून कुठून आलात?"

"अलिबागहून," मी म्हणालो.

छप्पर उडेल असा हशा झाला. शिर्के बाक बडवत होते. आणि त्या हशात मला माझा हात आठवला. माझा रंग म्हणजे मांडव्याच्या डांबरी रस्त्याला न्यूनगंड यावा असा. मी प्रोजेक्टर बंद केला, बाही वर सारली आणि म्हणालो, "ही घ्या स्लाइड. ताजी आहे. अलिबागहूनच आलीय."

पुढचा तास मी काही शिकवलं नाही, मला वाचलं गेलं. डॉक्टर एकेक करून आले. लाल काही नव्हतंच. काळपट-जांभळे पट्टे होते, कडेला राखाडी. हात उलटा लावून ऊब बघायची, दुसऱ्या हाताशी ताडून बघायची, बोटानं उंचवटा चाचपायचा. नजरेनं चुकलेली सूज बोटांना सापडते. मग मोबाईल निघाले. रुग्णांना विचारून काढलेले फोटो भिंतीवर झळकले. शिर्क्यांनी भातलावणीतले पाय दाखवले, नसीमांनी एका बाईनं बुरख्याआड लपवलेला कोडाचा डाग दाखवला आणि तो उघड करायला तिला किती दिवस लागले, ते सांगितलं. हॉटेलात ज्याला आम्ही शेवटी 'वेळ उरल्यास प्रश्नोत्तरे' म्हणतो, ते इथं दिवसभर चाललं. मराठीत चाललं, मध्ये आगरी, कोकणी, उर्दू शब्द शिरले, कुणाचं अडलं नाही.

जेवायला नसीमांच्या घरचं सांदण (तांदूळ आणि नारळाच्या रसाची वाफवलेली मऊ वडी) आणि कोलंबीचं कालवण होतं. मी डाव्या हातानं जेवलो. सासूबाई म्हणाल्या, "आज माफ हाय तुला."

निघताना नसीमांनी बर्व्यांना सरळ विचारलं, "सर, मिळाले का?"

बर्व्यांनी चष्मा पुसला. "साळवी, तुझं भाषण इतकं वाईट मी कधी ऐकलं नव्हतं," ते म्हणाले. मग नसीमांकडे वळले. "आणि कार्यक्रम इतका चांगला कधी पाहिला नव्हता. पूर्ण पॉइंट. सगळ्यांना."

नसीमांनी लेकीला सासूबाईंकडून घेतलं आणि तिच्याच पोटात तोंड खुपसलं.

परतीच्या लाँचवर इडली शाबूत राहिली. वाटलं, आपण इतकी वर्षं दार उघडं ठेवून बसलो आणि येत नाहीत म्हणून लोकांनाच नावं ठेवली. दार समुद्रापलीकडे होतं, एवढंच लक्षात यायचं राहून गेलं. महिना संपता संपता नसीमांचा निरोप आला. परवाना झाला होता. मागे लेक खणखणीत रडत होती.

त्याच आठवड्यात संघटनेच्या समितीची बैठक झाली; बर्वेही तिचे सभासद. मी ठराव मांडला, यापुढे निम्मे कार्यक्रम मुंबईबाहेर, तिथल्या भाषेत, तिथल्या वेळेला, पोराबाळांसकट, पहिला तळ्याला. एक ज्येष्ठ सभासद खुर्चीत मागे रेलले. "आणि ते मान्य करायला आम्ही काय अलिबागहून आलोय?"

मी बाही वर सारली. पट्टे अजून काळेच होते. बर्व्यांचा हात माझ्याआधी वर गेला होता.

"तुम्ही नाही," मी म्हणालो. "आम्ही दोघं आलोय."

ठराव मंजूर झाला.