डबा वाजला की

बाबा कुरणावर गवत कापायच्या मशीनपुढे डबा बडवत चालायचे, पक्ष्यांची पिल्लं पळून जावीत म्हणून. एकही हलायचं नाही. मागे पात्याला पिसं चिकटायची.

"बहिरी आहेत की काय मेली!" बाबा चिडायचे.

शेवटी पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या बाईंनी सांगितलं, "पळणारी पिल्लं पिढ्यान्‌पिढ्या कोल्ह्यांच्या तोंडी गेली. दबून बसणारी तेवढी वाचली, त्यांचाच हा वंश. डबा वाजला की ती आणखी घट्ट बसतात."

बाबांनी डबा फेकला. मशीन चालूच राहिलं. "कुरणाच्या साहेबांना मशीन थांबवायला सांगा ना!" मी कानीकपाळी ओरडले.

साहेब आले तेव्हा बाबा मान खाली घालून उभे राहिले. बाबांसोबत कामाला असलेल्या, तोंड उघडणाऱ्या काकांना साहेबांनी कधीच घरी बसवलं होतं. कुरणावर गप्प बसणारे तेवढे उरले होते.