इद्दतीचे आठ दिवस उरलेत

मैत्रिणींनो, आज दुपारी शेजारच्या वनमालाताई खिडकीशी आल्या. "किती दिवस राहिले व माय? घरात कोंडून जीव घुसमटून राहिला असंल तुया!"

"आठ," मी म्हणाले.

नवरा गेल्यावर आमच्यात बाईने चार महिने दहा दिवस इद्दत पाळायची. घरातच राहायचं, नटायचं नाही. खिडकीतून वैनगंगेचा पूल दिसतो, तेवढंच माझं बाहेर. घुसमट होते, खोटं कशाला बोलू?

त्या गेल्या आणि माझी नणंद आली. चहा पिता पिता म्हणाली, "माझ्या दिराची बायको वारली, दोन पोरं आहेत. घरातल्या घरात होऊन जाईल."

मला कुणी विचारलंच नाही.

तेवढ्यात सासूबाई जानमाजवरून, नमाजाच्या चटईवरूनच, ओरडल्या, "इद्दत में रिश्ते की बात नहीं करते! शरम कर!"

उठून त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं मला.

मग त्या हळूच लेकीला म्हणाल्या, "आठ दिन रुक जा."

वनमालाताई, मी सुटायचे दिवस मोजते असं तुम्हाला वाटतं ना? आजपासून मी ते पुरवून पुरवून वापरणार आहे.

तुमच्यापैकी कुणाला कधी दार उघडण्याचीच भीती वाटली आहे का?